नव्या भाषा-शिक्षकांसोबत वर्षभर चालणारं ऑनलाइन गुणात्मक संशोधन : खानदेशातल्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एड. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याते आणि स्वतःच्या केंद्रातल्या नव्या शिक्षकांचा अभ्यास करू पाहणारे मुख्याध्यापक यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

‘दीर्घकालीन’ म्हणजे नेमकं किती?

किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष. जमलं तर चौदा महिने, म्हणजे पुढच्या वर्षीचे जून-जुलैही धरून. पहिल्या वर्षी शिक्षिका प्रत्येक पाठ पहिल्यांदा शिकवते. दुसऱ्या जूनमध्ये तोच पाठ परत समोर येतो आणि “मागच्या वर्षी मी हे वेगळं केलं होतं” असं वाक्य ऐकू येतं. सगळा खटाटोप त्या वाक्यासाठी असतो, म्हणून जमत असेल तर अभ्यास एप्रिलमध्ये गुंडाळू नका. तीन महिन्यांत सहा मुलाखती घेतल्या तर अभ्यास दाट होतो, लांब होत नाही.

पीएच.डी. करणाऱ्यांनी हिशोब आधी मांडावा. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं दिली आहेत. कोर्सवर्क आणि आराखड्याची मंजुरी यांत पहिलं वर्ष जवळपास जातंच. आराखडा सप्टेंबरमध्ये मंजूर झाला की लगेच मुलाखती सुरू करायचा मोह होतो. पण नव्या शिक्षकाचे सगळ्यात महत्त्वाचे पहिले दहा आठवडे तोवर उलटून गेलेले असतात आणि त्यांबद्दल मग आठवणीतून ऐकावं लागतं. मधले महिने परवानग्या आणि सरावाच्या मुलाखतींना द्या, खरी सुरुवात १५ जूनला शाळा उघडण्याच्या सुमारास करा.

‘नवीन भाषा-शिक्षक’ कोणाला धरायचं?

इथे घोळ होतो तो ‘नवीन’ या शब्दावर. नियुक्तीचा आदेश यंदाचा असतो, पण त्याआधी पाच वर्षं विनाअनुदानित शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवलेलं असतं. अशी व्यक्ती सेवेत नवी असते, वर्गात नव्हे. पहिली तीन वर्षं ही सोयीची सीमा आहे, कारण आपल्याकडे शिक्षणसेवकाचा, म्हणजे मानधनावरच्या सुरुवातीच्या सेवेचा, कालावधीही तीन वर्षांचाच आहे. मात्र निवडीच्या फॉर्ममध्ये ‘आतापर्यंत पगार घेऊन एकूण किती महिने शिकवलं’ हा प्रश्न वेगळा ठेवाच. तासिका तत्त्वावरच्या आश्रमशाळेतल्या शिक्षकाला आदेशाच्या तारखेवरून मोजलं तर त्याची मधली खंडित वर्षं नोंदीतून गळून पडतात.

‘भाषा-शिक्षक’ हाही साधा शब्द नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक मराठी, गणित, परिसर अभ्यास सगळंच शिकवतो. तो भाषा-शिक्षक आहे का? आमच्या मते आहे, आणि खानदेशात तर विशेषच. धडगावच्या पहिलीतलं मूल घरी पावरी बोलतं, अक्कलकुव्यातलं भिली, साक्रीतलं अहिराणी. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी ही शाळेतच भेटणारी भाषा आहे. तरीही अभ्यासात माध्यमिकचे इंग्रजी-हिंदीचे विषयशिक्षक, उर्दू माध्यमाच्या शाळांतले आणि प्राथमिकचे शिक्षक अशी भेळ करू नका. एकच गट घ्या किंवा फार तर दोन.

किती शिक्षक घ्यावेत?

बारा घ्या, आठ टिकतील असं धरून चाला. बारा हा आकडा सोवळा नाही. ‘बारा मुलाखतींत नवं काही येणं थांबतं’ हे विधान प्रबंधांत सर्रास दिसतं. ते २००६च्या एका अभ्यासावरून आलं आहे. तिथे एकसारख्या गटाच्या, एकदाच घेतलेल्या मुलाखती होत्या. वर्षभर त्याच माणसांकडे परत जाणाऱ्या अभ्यासाला तो दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही.

खरी मर्यादा तुमच्या तासांची असते. बारा जण, प्रत्येकी पाच मुलाखती, प्रत्येक ४५ मिनिटांची, म्हणजे ४५ तास. वर आठवड्याला तीन मिनिटांची व्हॉइस नोट, ३६ आठवडे, म्हणजे आणखी साडेएकवीस तासांच्या वर. एकूण ६६ तासांहून जास्त आवाज झाला. एका तासाच्या शब्दांकनाला, म्हणजे आवाज ऐकून लिहून काढायला, सहा तास धरले तर ४०० तास, रोज तीन तास बसलात तरी जवळपास साडेचार महिने. अहिराणी-मराठी मिश्र बोलणं असेल तर सहाचे आठ तास होतात. हा गुणाकार मार्गदर्शकांसमोर करून दाखवला की ‘वीस तरी घ्या’ हा आग्रह आपोआप मावळतो.

परवानगी कोणाची घ्यायची?

शाळा कोणाची आहे यावर ते ठरतं. जिल्हा परिषद शाळांसाठी शिक्षणाधिकारी, प्राथमिक. खासगी शाळेत मुख्याध्यापक आणि संस्थाचालक दोघेही. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या असतात, तिथे शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र चालत नाही, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांचं लागतं. खानदेशात ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. चोपड्याच्या आश्रमशाळेसाठी जळगावला हेलपाटे घालू नका, यावलला जा.

आता खरी मेख. वरिष्ठांची परवानगी म्हणजे शिक्षकाची संमती नव्हे. “आमच्या केंद्रातले चार नवे शिक्षक देतो की तुम्हाला,” असं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी, प्रेमाने म्हणतात. ती यादी नम्रपणे नाकारा. तशा यादीतून आलेल्या शिक्षकाला वर्षभर वाटत राहतं की आपण साहेबांच्या सांगण्यावरून बोलतोय आणि बोललेलं साहेबांपर्यंत जाणार. त्याऐवजी निवेदनाचा एक मजकूर केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, वाचून दाखवायची विनंती करा आणि इच्छुकांनी थेट तुमच्या नंबरवर संदेश पाठवावा अशी सोय ठेवा. कोणी होकार दिला, कोणी नाही, हे वरिष्ठांना कळता कामा नये.

संमतीपत्र एकदा सही करून घेतलं की पुरे ना?

नाही. जूनमध्ये सही करणाऱ्याला जानेवारीत आपण काय सांगून बसू याची कल्पना नसते. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला संमती पुन्हा विचारा, तोंडी विचारून रेकॉर्ड केली तरी चालेल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं म्हटलं आहे. शिवाय ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं अशीही अपेक्षा आहे. हीच फूटपट्टी वापरा.

पत्र दोन पानांपेक्षा लांब नको, आणि मराठी साधं असू द्या. चार गोष्टी सुटता कामा नयेत : रेकॉर्डिंग कोण ऐकणार, अमुक तारखेपर्यंत सांगितल्यास सगळं पुसलं जाईल ती तारीख, वाक्यं कुठे छापली जातील, आणि गुप्ततेची हद्द. शेवटची गोष्ट बहुतेक पत्रांत नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलण्यात आलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं बंधनकारक आहे, ‘संशोधनाची गुप्तता’ तिथे चालत नाही. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. नवे शिक्षक “दोन फटके दिले” असं सहज बोलून जातात. अशा वेळी तुम्ही काय कराल हे पहिल्या मुलाखतीआधी ठरवा, मार्गदर्शकांशी बोला आणि पत्रात लिहा.

मुलाखतींच्या फेऱ्या कधी ठेवायच्या?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘दर दोन महिन्यांनी एक’ असं आखून दिलेलं वेळापत्रक आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात मोडतं. फेऱ्या शिक्षकाच्या वर्षाला बांधायच्या.

पहिली फेरी जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा. पटनोंदणी आणि पुस्तकवाटप आटोपलेलं असतं, वर्ग नुकता हाती आलेला असतो. दुसरी ऑगस्टअखेर, पहिली घटक चाचणी तपासून झाल्यावर. श्रावणात रविवार सुटीचा म्हणून मुलाखत ठेवायची आणि नेमका नागपंचमीनंतरचा पहिला रविवार निघायचा, म्हणजे कानबाई देवीच्या सणाचा. त्या दिवशी घरात रोट आणि पाहुणे असताना कोणी फोन उचलत नाही, आणि उचलला तर तो उपकार असतो. पोळा, गणपती हेही बघून घ्या.

तिसरी फेरी दिवाळीच्या सुटीच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या सत्राचा निकाल लागलेला असतो, शिक्षक गावी असतो, आवाजात सैलपणा असतो. वर्षातलं सगळ्यात मोकळं बोलणं या फेरीत मिळतं, तेव्हा जमलं तर ती ६० मिनिटांची ठेवा आणि वरच्या गुणाकारात तो जादा वेळ धरा. चौथी जानेवारीच्या मध्यावर. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे पटावरची मुलं वर्गात दिसेनाशी होतात, आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात. चाळीसच्या वर्गात अठरा मुलं उरली की भाषा शिकवणं म्हणजे काय उरतं, हे चौथ्या फेरीत ऐकायला मिळतं. ऑगस्टमध्ये शिक्षकाने आखलेलं गटकार्य जानेवारीत का बंद पडलं याचं उत्तरही बहुधा इथेच असतं, त्याच्या ‘घटत्या उत्साहात’ नव्हे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माध्यमिकवाल्यांना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पेपर तपासणी, सातपुड्यात होळीची धामधूम. या काळात मुलाखत नको, फक्त व्हॉइस नोट. पाचवी फेरी एप्रिलअखेर, वार्षिक परीक्षेनंतर. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, बायका माहेरी असतात. त्या आठवड्यात शिक्षिकांची वेळ मागू नका, नाहीतर एकदम मोकळेपणाने मागा, दोन्ही टोकं चालतात. चौदा महिन्यांचा अभ्यास असेल तर सहावी फेरी पुढच्या जुलैत, आणि तासांच्या गुणाकारात तीही धरा.

दिवसातली वेळ : रात्री ८.३० ते ९.३०. संध्याकाळी सहा-साडेसहाला शिक्षक नुकताच घरी पोचलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा दुपारी वेळ असतो खरा, पण जळगाव-भुसावळकडे ४४-४५ अंशांत दुपारी तीनला बोलायला लावलं तर उत्तरं दोन शब्दांची येतात.

सरकारी आदेश, निवडणुका यांचा परिणाम कसा धरायचा?

एक घटना-नोंदवही ठेवा, साधी तीन रकान्यांची : तारीख, काय घडलं, कोणाकोणाच्या बोलण्यात आलं. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधीचे कित्येक दिवस शिक्षक प्रशिक्षण आणि निवडणूक कामात होते. १६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. अशा दहा आठवड्यांत भाषा-शिक्षकाचं बोलणं बदललं तर तो अनुभवाने आलेला बदल की बातम्यांनी आणलेला, हे नोंदवही नसेल तर वर्षभराने सांगता येत नाही.

व्हिडिओ कॉल, फोन की व्हॉट्सॲप?

तिन्ही, पण वेगवेगळ्या कामांना. पहिली मुलाखत शक्य तर प्रत्यक्ष भेटून घ्या, ऑनलाइन अभ्यास असला तरी. चेहरा पाहिलेल्या माणसाशी पुढे फोनवर बोलणं सोपं जातं. ते जमत नसेल तर निदान पहिली फेरी व्हिडिओवर असू द्या.

त्यानंतर व्हिडिओचा हट्ट सोडा. धडगाव, मोलगी, तोरणमाळ भागात रेंज एखाद्या टेकाडावर किंवा रस्त्याच्या वळणावर मिळते. तिथे उभं राहून कोणी पाऊण तास मन मोकळं करत नाही. शिवाय भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या शिक्षिकेला कॅमेरा चालू करायचा म्हणजे घर दाखवावं लागतं. साधा फोन कॉल सगळ्यात भरवशाचा.

झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटांनी कॉल तुटतो, आणि तो नेमका रंगात आलेल्या वाक्यावर तुटतो. गुगल मीटवर दोघांच्या कॉलला ही अडचण नाही, पण मोफत खात्यात रेकॉर्डिंगची सोय नाही. म्हणून आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायची सवय लावा.

रेकॉर्डिंग नीट कसं करायचं?

कॉल स्पीकरवर, शेजारी दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर, एक वीत अंतरावर, मऊ कापडावर ठेवलेला. पंखा बंद. पंख्याचा आवाज कानाला जाणवत नाही, पण शब्दांकन करताना प्रत्येक वाक्याचा शेवट तो खातो. रेकॉर्डर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्ये आलेल्या कॉलने फाइल तुटते. ६४ केबीपीएस एमपी३ मध्ये, मोनो, एका तासाची फाइल साधारण २९ एमबी होते, बोलण्यासाठी एवढी पुरते.

फाइलचं नाव शिक्षक क्रमांक, फेरी आणि उलट क्रमाने तारीख असं ठेवा : ०४-०२-२०२५०८१७. नाव किंवा गाव फाइलवर कधीच नको. क्रमांक कोणाचा, याची यादी कागदावर, कुलपात. दोन प्रती त्याच रात्री : एक लॅपटॉपवर पासवर्डखाली, एक पेनड्राइव्हवर.

व्हॉट्सॲपवरच्या नोट्स फोनमध्येच पडू दिल्या तर दोन धोके असतात. समोरच्याने ‘गायब होणारे संदेश’ चालू ठेवले असतील तर २४ तास, ७ किंवा ९० दिवसांत त्या उडतात. आणि फोन बदलताना बॅकअप फसला तर वर्षाची मेहनत गेली. त्यामुळे नोट आली की त्याच दिवशी उतरवून घ्या.

दर आठवड्याच्या नोंदींसाठी काय विचारायचं?

लेखी डायरी मागू नका. शिक्षक दिवसभर लिहितच असतो : पाठटाचण, हजेरी, ऑनलाइन माहित्या. त्यावर आणखी एक फॉर्म दिला की तो रविवारी रात्री चार आठवड्यांचं एकदम भरून देतो. तीन मिनिटांची व्हॉइस नोट पुरे, ती एक एमबीच्या आतच बसते.

शुक्रवारी संध्याकाळी एकच प्रश्न पाठवा. “या आठवड्यातला एक तास सांगा, जो तुम्ही ठरवला तसा झाला नाही.” पुढच्या आठवड्यात : “एखादं मूल असं काय बोललं की तुम्ही थांबलात?” त्यापुढे : “या आठवड्यात कोणाला काही विचारलं का? कोणाला, काय?” असे सहा प्रश्न फिरवत ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रश्न वर्षात सहा वेळा येतो आणि उत्तरं एकाखाली एक मांडून बघता येतात.

“आठवडा कसा गेला?” या प्रश्नाला “छान गेला सर” हेच उत्तर येणार. “अडचणी सांगा” म्हटलं की सगळे एकच ठरलेली यादी म्हणून दाखवतात : पालकांचं दुर्लक्ष, अशैक्षणिक कामं, पट. ती यादी खोटी नाही, पण ती स्टाफरूमची आहे, त्या शिक्षकाची नाही.

मुलाखतीत दर वेळी तेच प्रश्न विचारायचे का?

तीन प्रश्न प्रत्येक फेरीत शब्दशः तेच ठेवा, बाकीचे मोकळे. ते तीन असे असू शकतात : चांगला भाषेचा तास म्हणजे काय? तुमच्या वर्गातलं कोणतं मूल सध्या तुमच्या डोक्यात आहे? कालच्या तासाला पहिली दहा मिनिटं काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाने हवेतलं बोलणं जमिनीवर येतं. “मी कृतियुक्त अध्यापन करतो” म्हणणारा शिक्षक कालची दहा मिनिटं सांगताना “फळ्यावर शब्दार्थ लिहून दिले” असं सांगतो. त्याला पकडायचं नसतं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, आणि मधलं अंतर हाच तुमचा विषय आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं होतं की शिक्षक होणारा माणूस शाळेत हजारो तास शिक्षकांना बघूनच शिक्षकी शिकलेला असतो. म्हणून पहिल्या फेरीत “तुम्हाला मराठी कोणी शिकवलं? ते तासाला काय करायचे?” हे जरूर विचारा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याच गुरुजींची सावली परत दिसते का, ते तपासा.

समोर एखादी वस्तू असली की बोलणं खुलतं. पाठटाचणाचं पान, किंवा नाव झाकलेलं मुलाच्या वहीचं पान, मुलाखतीआधी फोटो काढून मागवा.

शिक्षक अहिराणीत किंवा मिश्र बोलले तर?

बोलू द्या. आणि तुम्हाला येत असेल तर तुम्हीही बोला. राग, थकवा, गंमत ही बोलीत येते, आणि प्रमाण मराठीत येतं ते प्रशिक्षणात ऐकलेलं. कुठल्या वाक्याला शिक्षकाने भाषा बदलली, याची शब्दांकनात खूण करा, ती माहितीच आहे.

यंत्राने केलेल्या शब्दांकनावर इथे फार भिस्त ठेवू नका. प्रमाण मराठीचा कच्चा मसुदा ते बरा देतं, बोली आली की गडबडतं. एक नेहमीचा घोटाळा : “मला काही सुधरत नव्हतं” म्हणजे काही सुचत नव्हतं, उमगत नव्हतं. यंत्र, किंवा पुण्याहून पैसे देऊन करून घेतलेलं शब्दांकन, ते ‘सुधारत नव्हतं’ करतं. मग विश्लेषणात त्या शिक्षिकेवर ‘स्वतःत सुधारणा होत नसल्याची भावना’ असं लेबल लागतं. एका काना-मात्रेचा निष्कर्ष! म्हणून प्रत्येक शब्दांकन आवाज लावून एकदा स्वतः वाचा, आणि शंका आली तर पुढच्या फेरीत त्या व्यक्तीलाच विचारा.

प्रबंधात वाक्यं बोलीतच छापा, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या प्रबंधात त्यांच्याच लेवा बोलीतलं वाक्य ‘शुद्ध’ करून छापायचं, हे शोभत नाही.

पावरी, मावची किंवा भिली बोलणारा शिक्षक असेल आणि तुम्हाला ती भाषा येत नसेल, तर दुभाष्या त्याच गावचा नको. गावचा माणूस समोर असला की गावाबद्दल बोलणं थांबतं.

शिक्षक आपल्याला आवडेल तेच बोलतात, त्याचं काय?

ते पूर्ण जात नाही, कमी होतं. तुम्ही डाएटमध्ये असाल तर शिक्षणसेवकाच्या नजरेत तुम्ही तपासणीवाले आहात, कितीही हसून बोललात तरी. शक्य तर स्वतःच्या कार्यक्षेत्राबाहेरचा तालुका, खरं तर जिल्हाच निवडा. मुलाखतीत ‘पाहिजे’, ‘अपेक्षित’, ‘योग्य’ हे शब्द टाळा. शिक्षक “सर” म्हणाले तर तुम्हीही त्यांना “सर” किंवा “मॅडम” म्हणा, वयाने दहा वर्षं लहान असले तरी. पहिल्या दोन फेऱ्यांतलं गोड बोलणं फेकू नका. तिसऱ्या फेरीत सूर बदलला तर आधीचं किती जपून होतं ते कळतं.

सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करावा का?

नको. एकमेकांचे नंबर उघड होतात, म्हणजे ओळख लपवण्याचं वचन पहिल्याच दिवशी मोडतं. त्यावर आठवड्याभरात सुप्रभातची फुलं आणि शासन निर्णयांच्या पीडीएफ सुरू होतात. दहा जण आपल्यापेक्षा चांगलं शिकवतायत असं वाटून दोघं गप्प होतात, आणि ते दोघंच तुम्हाला हवे असतात.

मध्येच सोडून जाणाऱ्यांचं काय करायचं?

आधी सोडून जाणं ओळखा. नोट्स तीन मिनिटांवरून तीस सेकंदांवर येतात, मग “पुढच्या आठवड्यात नक्की”. सलग दोन आठवडे काही आलं नाही तर आठवण करणारा संदेश नको, “या महिन्यात नोंदी थांबवूया का?” असं विचारा. सुटी दिलेले बरेच जण परत येतात. मागे लागलेले येत नाहीत.

खासगी विनाअनुदानित शाळांतले शिक्षक वर्षात शाळा बदलतात किंवा नोकरीच सोडतात. त्यांना अभ्यासातून वगळू नका. परवानगी असेल तर एक मुलाखत सोडल्यानंतर घ्या. फक्त टिकलेल्यांचा अभ्यास केला तर चित्र आपोआप गोड निघतं.

मोबदला द्यावा. जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० रुपये आहे, त्यातून खोलीभाडं आणि पेट्रोल जातं. दरमहा एक रिचार्ज ही किमान रीत झाली. ती सगळ्यांना सारखी द्या, नोंदींच्या संख्येवर नको. नोंदीमागे पैसे ठेवले की नोंदी भरून येतात, आतून रिकाम्या.

त्यांनी शिकवण्याबद्दल सल्ला विचारला तर?

विचारणारच, वर्षभर ऐकून घेणारं माणूस दुसरं कोण असतं त्यांना? कोरडं “मी संशोधक आहे” म्हणू नका. उत्तर द्या, पण मुलाखत संपल्यावर, आणि काय सल्ला दिला ते तारखेसह लिहून ठेवा. पुढे त्यांनी तो वापरला तर तो बदल ‘आपोआप झाला’ असं लिहिता येणार नाही. काहींना हा अभ्यासातला डाग वाटतो. आमच्या मते नोंदवलेला प्रभाव हा डाग नाही, लपवलेला आहे.

विश्लेषण कधी सुरू करायचं आणि कशात?

पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक मुलाखतीनंतर एक पान : काय नवं ऐकलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. वर्षअखेरीस ६६ तास एकदम समोर घेणारे बहुधा तिथेच अडकतात.

दीर्घकालीन अभ्यासात नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या मुलाखती एकत्र ओतून आशयसूत्रं, म्हणजे बोलण्यातले समान धागे, काढणं. त्यात जूनचं वाक्य आणि एप्रिलचं वाक्य एकाच ढिगात पडतं, आणि काळ, ज्याच्यासाठी वर्ष घालवलं, तोच पुसला जातो. आधी एकेका शिक्षकाची आडवी वाट वाचा : पाच फेऱ्या, त्याच तीन प्रश्नांची उत्तरं शेजारी-शेजारी. एक मोठा तक्ता करा, ओळीत शिक्षक, रकान्यात फेरी. मग उभं वाचा, एका फेरीत सगळे काय म्हणतात. काय वाढलं, काय गळालं, काय अचानक उलटलं आणि काय अजिबात हललं नाही, असे चार प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. ‘हललं नाही’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात.

सॉफ्टवेअर म्हणाल तर क्वालकोडर आणि टॅगेट मोफत आहेत. आठ-दहा शिक्षकांना साधी स्प्रेडशीटही पुरते. अट एकच : मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेलं शब्दांकन शोधता येत नाही, आणि बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात.

टोपणनाव दिलं की ओळख लपते ना?

खानदेशात नाही. आडनावावरून इथे समाज आणि पट्टा दोन्ही कळतात. पावरा, वसावे, पाडवी, तडवी यांतलं एक लिहिलं की वाचणारा अर्ध्यावर पोचलाच. टोपणनाव फक्त पहिलं ठेवा, शिक्षकालाच निवडू द्या. तालुका लिहू नका, ‘सातपुड्याच्या पायथ्याची’, ‘तापीकाठची’ एवढं पुरतं. एखाद्या तालुक्यात इंग्रजीची नवी शिक्षिका एकच असेल तर तिचा विषय किंवा लिंग यांपैकी एक गोष्ट धूसर करावी लागते, आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगावं लागतं.

धोका छापील प्रबंधापेक्षा तालुक्यातल्या वाचकाचा असतो. म्हणून छापण्याआधी प्रत्येक शिक्षकाला त्याचीच वाक्यं पाठवा आणि विचारा, “तुमच्या मुख्याध्यापकांनी हे वाचलं तर चालेल का?” दोन आठवडे द्या. एखादं चांगलं वाक्य हातचं जाईल, जाऊ द्या.

अभ्यास संपताना काय करायचं?

शेवटच्या फेरीच्या महिनाभर आधी सांगून ठेवा. वर्षभर दर शुक्रवारी येणारा संदेश एकदम थांबला की चुकल्यासारखं वाटतं, त्यांनाही आणि तुम्हालाही. शेवटच्या मुलाखतीत पहिल्या फेरीतली त्यांचीच दोन मिनिटं ऐकवा आणि गप्प बसा. पुढचं बोलणं बहुतेकदा सगळ्या अभ्यासातलं सर्वांत उपयोगी निघतं. रेकॉर्डर चालू आहे ना, तेवढं बघा.